लंब रेषेचा चढ काढा

चंद्रकुमार डोंगरवारांचं गणित चांगलं आहे, असं त्यांच्या घरात मानलं जाई. म्हणजे ते स्वतः तसं मानत आणि बाकीच्यांवर तपासून पाहण्याची वेळ आली नव्हती. अर्जुनी मोरगावच्या एका सरकारी कार्यालयात ते वरिष्ठ सहायक होते. कोणाचीही जन्मतारीख ऐकली की तो माणूस कोणत्या महिन्यात निवृत्त होणार हे ते उभ्या उभ्या सांगत, आणि ऐकणाऱ्याला ते नको असलं तरी सांगत. अशा माणसापुढे दहावीतल्या मुलीनं गणिताचं गाइड धरावं, यात त्याला संकट दिसत नाही, संधी दिसते.

जानेवारीतला रविवार होता. त्यांच्या पत्नी दुर्गेश्वरीबाई स्वयंपाकघरात होत्या. पुष्पांजली गाइड घेऊन बाहेरच्या खोलीत आली. ही मुलगी स्वभावानं बापावर गेलेली नव्हती, त्यामुळे तिला शंका येत.

"बाबा, हे पाहा. 'एका रेषेचा चढ दोन छेद तीन आहे. तिला लंब असलेल्या रेषेचा चढ काढा.'"

चंद्रकुमारांनी पेपर बाजूला ठेवला. "लंब म्हणजे काय? आडवं होतं ते उभं केलं. उभं केलं की वरचं खाली येते, खालचं वर जाते. दोन छेद तीनचे झाले तीन छेद दोन. संपला विषय."

पुष्पांजलीनं मागची पानं चाळली. "उत्तरात ऋण आहे, बाबा. ऋण तीन छेद दोन."

आता इथे एखादा साधा माणूस 'अरे हो, ते राहिलंच' म्हणून मोकळा झाला असता. पण साधी माणसं वरिष्ठ सहायक होत नाहीत. चंद्रकुमार म्हणाले, "छपाईची चूक."

"पण बाबा..."

"अगं, चढ कधी ऋण असते का? चढ म्हणजे चढ. ऋण झाला तर त्याला उतार म्हणतात. मराठी भाषा आहे की नाही काही?"

पुष्पांजली वाद घालत नसे, दाखवत असे. तिनं दोन पेन्सिली एकमेकींना काटकोनात धरल्या आणि थोड्या तिरप्या केल्या. "ही पाहा, ही डावीकडून उजवीकडे चढून राहिली. मग ही दुसरी उतरूनच राहील ना? दिसते?"

चंद्रकुमारांना दिसलं. हे इथेच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं सगळं रामायण त्यांना दिसल्यानंतर घडलेलं आहे. एक पेन्सिल चढत होती, दुसरी उतरत होती, आणि त्यात छपाईचा काहीही संबंध नव्हता. 'माझं चुकलं' एवढे दोनच शब्द बोलायचे होते. ते त्यांच्या जिभेपर्यंत आलेही. पण मुलीसमोर, तेही गणितात, तेही रविवारी, ते बाहेर पडेनात.

"तू पेन्सिली वाकड्या धरल्या," ते म्हणाले. "हे उत्तर मी बदलून आणतो. सरकारकडून."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "अवो, चुकलं असन तं चुकलं मना ना. कायले ताणून राहिले?"

चंद्रकुमारांना बायकोचं बोलणं ऐकू येत नसे असं नाही. फक्त ते दप्तरी दाखल होत नसे.

संध्याकाळपर्यंत ही बातमी शेजारी गेली. शेजारी दोन होते. एक केवळराम गुरुजी, निवृत्त. त्यांनी आयुष्यभर सातवीपर्यंतचे सगळे विषय शिकवले होते आणि सगळ्या व्याख्या त्यांना अजून तोंडपाठ होत्या. अर्थ विचारला की मात्र ते चहा मागत. दुसरे छोटेलाल, हार्डवेअरचे दुकानदार. त्यांचं घराणं मूळचं गोंदियाचं, त्यामुळे मराठी त्यांना समजे, पण ते उत्तर हिंदीत देत.

गुरुजींनी डोळे मिटले आणि म्हणाले, "लंब रेषेचा चढ हा मूळ रेषेच्या चढाचा विरुद्ध चिन्हाचा गुणाकार व्यस्त असतो."

"व्यस्त है तो रहने दो ना," छोटेलाल म्हणाले. "फुरसत में पूछ लेंगे."

"व्यस्त म्हणजे उलटा हो!"

"उलटा तो चंदूभाऊ कर ही दिए. फिर झगडा किस बात का?"

झगडा 'विरुद्ध चिन्हाचा' या शब्दांत होता, पण गुरुजींनी तेवढ्यात चहा मागितला. छोटेलालांनी मग आपला सल्ला दिला. तो त्यांनी आजवर नळाच्या गळतीपासून मुलाच्या लग्नापर्यंत सगळ्यांना दिला होता: "सीधा ऊपर कम्प्लेंट डाल दो. ऑनलाइन. ॲप आया है सरकार का."

ॲप होतं खरं. अडचण एकच होती, चंद्रकुमारांच्या गल्लीत फोन आणि संदेश येत, पण ॲप चालेल एवढं नेटवर्क नव्हतं. पण त्यावर त्यांच्याकडे हक्काचा उपाय होता. त्यांच्याकडे चढ होता.

हा चढ म्हणजे गणितातला नव्हे, मुरमाचा. गावाबाहेर चंद्रकुमारांनी घरासाठी प्लॉट घेतला होता. रस्ता आणि प्लॉट यांच्या मधून इटियाडोह धरणाच्या पाण्याची एक लहानशी शाखा जाई. कागदोपत्री ती 'मायनर', लोकांच्या तोंडी नुसती नहर. सौंदडच्या एका ओळखीच्या माणसाकडून चंद्रकुमारांनी जुनी कार घेतली, तेव्हा प्रश्न आला की कार नहर ओलांडणार कशी. मग त्यांनी नहरात एक सिमेंटचा पाइप टाकला (छोटेलालांच्या दुकानातला, छोटेलालांच्याच मापाचा), त्यावर मुरूम ओतला, दाबला, आणि नहरीला बरोबर काटकोनात एक देखणा चढ तयार झाला. परवानगी तोंडी होती. कोणाच्या तोंडची, ते आता आठवत नव्हतं. होळीनंतर प्लॉटवर भूमिपूजन व्हायचं होतं, कार्यालयातले साहेब याच चढावरून गाडीनं येणार होते, आणि चंद्रकुमार ते सगळ्यांना सांगून चुकले होते. पाहुणे आले की ते त्यांना प्लॉट नव्हे, चढ दाखवत. गावात त्याला 'चंदूभाऊचा चढ' असंच नाव पडलं होतं, आणि आसपासच्या सपाट बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतांमध्ये, तेवढीच जागा उंच असल्यामुळे तिथे मोबाइलला भरपूर नेटवर्क येई.

याच नहरीच्या अगदी शेवटी चंद्रकुमारांचे सासरे मनिराम यांच्या बांध्या होत्या. गेल्या उन्हाळी धानापासून त्यांच्यापर्यंत पाणी पोचत नव्हतं. मनिरामजी एकदा मुलीच्या घरी आले, तेव्हा कितीतरी वेळ टोपी हातात फिरवत बसले आणि शेवटी म्हणाले, "जवाई, वरतून पानी सोडून राहिले मनतेत, पन माह्या बांधीत येतच नाई, बाप्पा. रस्त्यातच कोठी अडून राहिलं वाटते." चंद्रकुमारांनी त्यांना सांगितलं, "मामाजी, ही शासकीय बाब आहे. तक्रार करा." मनिरामजींनी जावयाकडे जरा वेळ पाहिलं, चहा घेतला आणि गेले. आपण योग्य मार्गदर्शन केलं असं चंद्रकुमारांना वाटलं होतं.

तर दुसऱ्या दिवशी कार्यालय सुटल्यावर चंद्रकुमार कार घेऊन चढावर गेले, अगदी माथ्यावर उभे राहिले, आणि त्यांनी ॲप उघडलं.

ॲपनं आधी विभाग विचारला. त्यांनी 'शिक्षण' निवडलं. मग विषय विचारला. यादीत शाळेची इमारत होती, पोषण आहार होता, शिक्षकांची बदली होती, शौचालय तर तीनदा होतं. गणित नव्हतं. त्यांनी 'इतर' निवडलं. मग त्यांनी तक्रार लिहिली. शासकीय मराठीवर त्यांचा हात बसलेला होता आणि ती त्यांनी मनापासून लिहिली: गाइडातलं संपूर्ण उदाहरण, आपलं उत्तर, पुस्तकाचं उत्तर, मराठी भाषेतील 'चढ' या शब्दाची थोर परंपरा, विद्यार्थ्यांचे भवितव्य. ॲप म्हणालं, मजकूर मोठा आहे. त्यांनी परंपरा काढली. तरी मोठा. उत्तरं काढली. तरी मोठा. एकेक शब्द काढताना त्यांना फार यातना झाल्या. शेवटी जे उरलं ते असं:

'रेषेला लंब असलेल्या रेषेचा चढ काढा. सदर चढ चुकीचा असून अनेकांचे भवितव्य धोक्यात आहे. तातडीने कार्यवाही व्हावी.'

वाचून त्यांना समाधान वाटलं. नेमकं आहे, असं ते स्वतःशी म्हणाले.

मग ॲपनं छायाचित्र मागितलं, आणि तेही तिथल्या तिथे काढलेलं. त्यांनी गाइडाचं पान मुरमावर ठेवून फोटो काढला. समोरून मावळतीचं ऊन येत होतं. फोटोत पान पांढरंफटक आलं, त्यावर एक अक्षर दिसेना, मात्र भोवतालचा मुरूम, खालचा पाइप आणि नहर अगदी झकास आली. 'जागेची नोंद करू का?' असं ॲपनं शेवटी विचारलं. ते 'हो' म्हणाले. सरकार एवढं अदबीनं विचारतं तेव्हा नाही म्हणवत नाही.

दोन दिवसांनी मोबाइलवर संदेश आला: 'आपली तक्रार संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आली आहे.'

"पाहा," चंद्रकुमार जेवताना म्हणाले. "वर्ग केली."

"वर्ग केला तर ऋण चिन्ह जातेच, बाबा," पुष्पांजली म्हणाली.

"तेच तर मी म्हणत होतो!" चंद्रकुमार म्हणाले आणि त्यांनी आणखी एक पोळी घेतली. मुलगी हसत का होती ते त्यांना कळलं नाही.

त्या आठवड्यात ते कार्यालयात जरा ताठ चालत. शिपायानं विचारलं, "साहेब, मानेले काही झालं का?" पुष्पांजलीनं मात्र त्या उदाहरणापुढची जागा कोरीच ठेवली होती. बाबा आणतील तेव्हा लिहू, असं ती म्हणे. हे ती कोणत्या अर्थानं म्हणे ते चंद्रकुमारांना ठरवता येत नसे आणि रात्री पाठ टेकली की नेमकं तेच आठवे. बाकी लोक गेले खड्ड्यात. ही एक मुलगी होती जी लहानपणी 'माझ्या बाबाले सगळं येते' म्हणून वर्गात भांडून आली होती.

शनिवारी सकाळी फोन आला. "सर, मी इंद्रकुमार बोलतो. आपल्या तक्रारीच्या पाहणीसाठी जागेवर आलो आहे. येता का?"

"जागेवर? कोणत्या?"

"चढावर, सर."

शिक्षण विभागाचा माणूस चढावर का आला असेल, याचा चंद्रकुमारांनी क्षणभर विचार केला आणि सोडून दिला. नेटवर्कसाठी आला असेल. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, गाइड घेतलं, मुलीला घेतलं, आणि कार काढली. ज्या उत्तरासाठी आठवडाभर मान ताठ ठेवली ते आता पोरीच्या समोर बदलणार होतं.

चढाजवळ गर्दी होती. नहरीच्या शेवटच्या टोकाचे शेतकरी आले होते. मनिरामजी होते. सासूबाई सुमित्राबाई पदर सावरून बांधावर बसल्या होत्या. छोटेलाल आणि गुरुजी होते, कारण ते जिथे गर्दी असेल तिथे असत. चंद्रकुमारांनी कार थेट चढाच्या माथ्यावर नेऊन उभी केली आणि खाली उतरले.

इंद्रकुमार हा तरुण, उत्साही माणूस होता. त्यानं दोन्ही हातांनी नमस्कार केला. "सर, तक्रारी खूप पाहिल्या, पण अशी भाषा नाही पाहिली. आमचे लोक 'नहरीवरचा आडवा भराव' लिहितात. तुम्ही लिहिलं, 'रेषेला लंब असलेल्या रेषेचा'. आमचे साहेब म्हणाले, माणूस टेक्निकल दिसतो."

"थोडंफार येतं," चंद्रकुमार म्हणाले. आडवा भराव म्हणजे काय ते त्यांना कळलं नव्हतं, पण स्तुती मध्येच अडवू नये.

"तर सर, मी पाहिला. चढ चुकीचाच आहे."

चंद्रकुमारांनी मुलीकडे पाहिलं. "ऐकलंस? चुकीचाच आहे."

"शंभर टक्के. काढावाच लागेल."

"काढा ना!" चंद्रकुमारांनी गाइड पुढे केलं. "इथेच काढा. सगळ्यांसमोर काढा. मुलीला दिसू द्या कसा काढतात ते."

"आज नाही जमायचं, सर. सोमवारी काढतो."

"एवढ्याशा चढाला सोमवार कशाला?"

"जेसीबी सोमवारी मोकळा आहे."

चंद्रकुमारांचा हात गाइडासकट हवेत राहिला. त्यांनी इंद्रकुमारच्या गळ्यातल्या पाटबंधारे विभागाच्या ओळखपत्राकडे पाहिलं, मग खाली मुरमाकडे, मग मुरमाखालच्या पाइपाकडे. पाइपाच्या तोंडाशी गाळ आणि कचरा गच्च बसला होता. वरच्या अंगाला पाणी तुंबून काठोकाठ आलं होतं आणि खालच्या अंगाला नहर कोरडी ठणठणीत होती. रोज कारनं येणाऱ्या माणसाला खाली वाकून पाहायचं काही कारण नसतं.

"फक्त एक राहिलं," इंद्रकुमार म्हणाला. "हा चढ आहे कोणाचा? तक्रारीत मालकाचं नाव नाही."

छोटेलाल आकाशाकडे पाहू लागले, बहुतेक पाइपाचं माप आठवून. शेवटी मनिरामजी पुढे आले.

"आमच्या जवायाचा आहे, साहेब. अन् तक्रारबी त्यायनंच केली."

इंद्रकुमारनं आ वासला. शेतकऱ्यांत कुजबुज झाली. मनिरामजी सांगत होते, "मले मागच्या उन्हाळ्यापासून मालूम होतं, पानी इथंच अडून राहिलं. पन जवायाले कसं मनू? जवाई तो जवाई. पोरीच्या घरी जाऊन त्यायच्या चढाचं नाव काढू का? एकडाव गेलो, बसलो, अर्धंच बोललो अन् वापस आलो. ते मले मनले, तक्रार करा. मी नाई केली. तं त्यायनं माह्यावाली तक्रार सोताच्याच नावानं केली, सोताच्याच चढावर!" आणि त्यांनी जावयापुढे हात जोडले.

इथे चंद्रकुमारांना खरोखर वाईट वाटलं. तो म्हातारा टोपी फिरवत बसला होता ते आठवलं. लाज वाटली, आणि त्या लाजेतही एक हिशेब त्यांच्या डोक्यात चालू होताच, की आता चढ जाणार, होळीनंतर साहेब येणार कसे. माणसाचं मन असं असतं आणि सरकारी माणसाचं जरा जास्त असतं.

"बाबा," पुष्पांजली हळूच म्हणाली, "सांगून टाका ना खरं काय ते."

"घरी बोलू," चंद्रकुमार म्हणाले.

घरी बोलणं झालं नाही, कारण मुलीला दारातच उतरवून त्यांनी कार पुन्हा चढावर नेली आणि तक्रार मागे घेण्यासाठी ॲप उघडलं. ॲपनं कारण विचारलं. पर्याय दोन होते. 'समस्या सुटली' दाबलं, तर समस्या सुटल्याचं छायाचित्र जोडायचं होतं; म्हणजे चढ नसलेल्या जागेचं. 'चुकून नोंदवली' दाबलं, तर चूक काय झाली ते सविस्तर लिहून द्यायचं होतं, आणि ते निवेदन तक्रारदाराच्या कार्यालयप्रमुखांकडे जाणार होतं. या वेळी मजकुराला मर्यादा नव्हती.

त्यांनी इंद्रकुमारला फोन केला. "समजा, तक्रारदारानं तक्रार मागे घेतली, तर?"

"तर चढ राहील ना, सर, जागेवर. पण मग ते अतिक्रमण ठरेल, नंतर काढावंच लागेल, आणि मालक सरकारी नोकर निघाला तर कारवाई होईल. तुम्ही स्वतःहून तक्रार केली म्हणून तर आमचे साहेब काही करत नाहीत. उलट सत्कार करू म्हणतात."

म्हणजे तक्रार ठेवली तर चढ जाणार होता, आणि तक्रार काढली तरी चढ जाणार होता, वर अब्रूही जाणार होती. केवळराम गुरुजींना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं." छोटेलाल म्हणाले, "एक और कम्प्लेंट डाल दो. जेसीबी के खिलाफ." दुर्गेश्वरीबाईंना कोणी विचारलं नव्हतं, तरी त्या म्हणाल्या, "अवो, माह्या बापाच्या बांधीत पानी येऊन राहिलं. तुमी आता ॲपले हात लावसान तं पाहाच." हे मात्र दप्तरी दाखल झालं.

सोमवारी जेसीबी आला. चंद्रकुमारांनी रजा टाकली होती. ते म्हणत, काम नीट होतं का ते पाहायला. खरं म्हणजे निरोप द्यायला. जेसीबीनं पहिलं बकेट मुरमात घातलं तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं. पाइप वर उचलला गेला, त्याच्या पोटातून काळा गाळ भळाभळा बाहेर आला, आणि तुंबलेलं पाणी असं काही सुटलं की काठावरची माणसं मागे सरली. शेतकरी नहरीच्या कडेनं पाण्याच्या बरोबर धावत सुटले. मनिरामजी धावू शकत नव्हते, तरी धावले. सुमित्राबाईंनी पहिल्यांदाच जावयाकडे थेट पाहिलं आणि म्हणाल्या, "लेकरा, सुखी राह्य."

मग तिथेच शाल आली, नारळ आला. टोकाच्या शेतकऱ्यांच्या वतीनं गुरुजींनी भाषण केलं. त्यात त्यांनी 'स्वतःच्या चढाविरुद्ध उभा राहणारा माणूस' असा शब्दप्रयोग केला आणि तो त्यांना इतका आवडला की पुन्हा केला. मग चंद्रकुमारांना दोन शब्द बोलायला सांगितलं. दोन शब्द त्यांच्याकडे तयार होते, त्या रविवारपासून तयार होते. त्यांनी घसा साफ केला. समोर मनिरामजी गुडघ्यापर्यंत ओले, चिखलात उभे, डोळे पुसत होते. या माणसाला आता सांगायचं, की मामाजी, तुमची मला आठवणसुद्धा नव्हती, मी आपला गाइडाशी भांडत होतो?

"धन्यवाद," चंद्रकुमार म्हणाले आणि खाली बसले. टाळ्या पडल्या. माणूस किती निगर्वी, असं इंद्रकुमार म्हणाला.

गर्दी पांगली. दुर्गेश्वरीबाई माहेरच्या बांध्या पाहायला आईबरोबर गेल्या. बाप आणि लेक नहरीच्या काठावर राहिले. कार रस्त्यावर अलीकडे उभी होती, प्लॉट पलीकडे होता, आणि मधून पाणी आपल्या वाटेनं चाललं होतं. चढ होता तिथे दोन्ही काठांची जमीन सपाट झाली होती. शाल अंगावर उकडत होती, पण ती कुठे ठेवावी ते कळेना.

पुष्पांजलीनं दप्तरातून गाइड काढलं. "बाबा, पुढचं विचारू?"

"विचार."

"'एका रेषेचा चढ शून्य आहे. तिला लंब असलेल्या रेषेचा चढ काढा.'"

"काढा" या शब्दाला चंद्रकुमार जरासे दचकले. मग त्यांनी सपाट जमिनीकडे पाहिलं. शून्य उलटं करायचं म्हणजे एकाला शून्यानं भागायचं. तसं भागताच येत नाही, हे त्यांना नक्की माहीत होतं. त्यांनी उगाच पुस्तकाशी, मराठी भाषेशी किंवा सरकारशी वाद घातला नाही.

"नाही काढता येत," ते म्हणाले.

पुष्पांजलीनं मागचं पान पाहिलं. "'निश्चित करता येत नाही.' बरोबर, बाबा."

मग ती गाइड मिटेना. एक पान मागे उलटून तशीच बसून राहिली. त्या पानावर एका उदाहरणापुढची जागा अजून कोरी होती. तिनं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर चंद्रकुमारांना काहीतरी सुचलं असतं.

"ऋण," चंद्रकुमार पाण्याकडे पाहत म्हणाले. "ऋण तीन छेद दोन. पेन्सिली तू सरळच धरल्या होत्या."

"मग तेव्हा काऊन नाही म्हटलं?"

"माझं चुकलं," चंद्रकुमार म्हणाले. एका रविवारी अडलेले दोन शब्द दुसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी बाहेर पडले, आणि पडल्यावर काहीच झालं नाही. पुष्पांजलीनं उत्तर लिहिलं आणि त्याच्यापुढे बरोबरची खूण केली.

"आजोबांना नको सांगूस," ते म्हणाले.

"नाही सांगत," ती म्हणाली. "आईला सांगीन."

तेवढ्यात त्यांनी मोबाइल काढून पाहिला. सकाळी घरून निघताना आलेला संदेश उघडायचा राहिला होता. 'आपल्या तक्रारीनुसार लंब रेषेचा चढ काढण्याची कार्यवाही आज पूर्ण होत आहे. आपण समाधानी आहात का?' खाली दोन चौकोन होते. चंद्रकुमारांनी नहरीकडे पाहिलं, पलीकडच्या प्लॉटकडे पाहिलं, शेजारी पाय हलवत बसलेल्या मुलीकडे पाहिलं, आणि सगळा विचार करून 'हो' दाबलं.

चौकोनाच्या जागी एक बारीकसं चक्र आलं आणि गोल फिरू लागलं. ते फिरतच राहिलं. चंद्रकुमारांनी हात उंच केला, मग टाचा उंच केल्या, मग मोबाइल डोक्यावर धरून थोडं इकडे-तिकडे चालून पाहिलं. काही उपयोग नव्हता. नेटवर्क यायचं ते चढावर.